साठावी पंजी

"उस्ताद, माझ्यात कमी काय हाय, तेवढं सांगा."

सर्जेरावनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

सुभेदार केरबा रेडेकर चुलीपुढं उकिडवे बसून जाळ फुंकत होते. तीन दगडांची चूल, तिच्यावर काळंमिट्ट झालेलं पातेलं, आणि पातेल्यात चौदा माणसांचा चहा. त्यांनी मान वर केली नाही.

"धूर तुझ्याकडं येतोय," ते म्हणाले. "इकडं सरकून बस."

"धुराचं काय न्हाई उस्ताद. मी विचारतोय त्याचं..."

"डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

"ते धुरानं आलंय."

"तेच म्हणतोय मी. सरक."

नाईक सर्जेराव खराडे सरकून बसला.

घाटमाथ्यावरच्या दाट रानात फौजेची ही लहानशी छावणी होती. जंगलात कसं चालायचं, कसं लपायचं आणि कसं लढायचं, ते इथं शिकवत. सहा आठवड्यांपूर्वी बारा जवान आले होते. आज त्यांचा शेवटचा दिवस होता. आठ दिवसांनी ते पूर्वेच्या सरहद्दीवर जाणार होते. तिथलं रान इथल्यापेक्षा दाट, आणि तिथं चूक झाली तर समजावून सांगायला कुणी उस्ताद नसतो.

बारा जणांतला एक जण गस्तीच्या पुढं चालणार होता. मागच्या अकरा जणांचे पाय त्याच्या डोळ्यांवर. तो कोण, हे कॅप्टन निंबकरांनी उस्तादांवर सोपवलं होतं.

"संध्याकाळी चहाला येतो. तेव्हा नाव सांगा," एवढंच ते सकाळी म्हणाले होते.

सर्जेरावला ते नाव आपलं हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, ते आपलंच असणार याची त्याला खात्री होती. पण उस्ताद सकाळपासून त्याच्याशी चहा, धूर आणि लाकूडफाटा यांखेरीज काही बोलले नव्हते. म्हणून बाकीचे अकरा जण खाली ओढ्यावर आंघोळीला गेले, तरी हा चुलीपाशी येऊन बसला होता.

ओढ्याकडून हसण्याचे आवाज येत होते. सहा आठवडे साबणाला बंदी होती. साबणाचा वास रानात लांबवर जातो. आज बंदी उठली होती, आणि सगळा उतार साबणाच्या वासानं भरून गेला होता.

"तू न्हाई गेलास?" उस्तादांनी विचारलं.

"न्हाई."

"जा की. वास मारतोय तुझा."

"आधी सांगा, मग जातो."

उस्ताद हसले. पांढऱ्या मिशीला राख लागली होती, ती त्यांनी मनगटानं पुसली.

"बरं. तूच सांग, काय काय येतं तुला?"

सर्जेराव याचीच वाट बघत होता.

"दोन माणसांत पाच पावलांचं अंतर. पहिला जमीन बघतो, दुसरा समोर, तिसरा झाडांवर. शेवटचा मागं बघत चालतो."

"आणि?"

"शंभर पावलं झाली की थांबायचं. बसायचं. नुसतं ऐकायचं."

"आणि?"

"ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं परत यायचं न्हाई. कितीबी दमलो तरी."

"आणि?"

"पाखरं एकदम गप झाली तर आपणबी गप व्हायचं. मुक्कामाभोवती वेली बांधायच्या, वेलीला रिकामे डबे, डब्यांत खडे. कुणी आलं की वाजतात."

"आणि?"

"पंजी."

"पंजीचं काय?"

"माझी पंजी तुम्हालाबी दिसली नव्हती, उस्ताद."

हे मात्र जवळजवळ खरं होतं.

पंजी म्हणजे बांबूची टोकदार खुंटी. जवळ दारूगोळा कमी असला, की गस्तीवरचे जवान मुक्कामाच्या आजूबाजूला अशा खुंट्या पुरतात आणि वर पालापाचोळा सारतात. अंधारात चालून येणाऱ्याचा पाय तिच्यावर पडला, की तो पुढं येत नाही. बंदूक न वाजवता राखण होते.

तीन आठवड्यांपूर्वी उस्तादांनी बाराही जणांना रानाचा एकेक तुकडा वाटून दिला होता. प्रत्येकानं साठ पंज्या पुरायच्या आणि त्यांच्या जागांचा नकाशा काढून ठेवायचा. मग उस्ताद बूट घालून, हातात काठी घेऊन प्रत्येकाच्या तुकड्यात फिरले होते आणि दिसेल त्या पंजीला काठी लावत गेले होते. कुणाच्या वीस सापडल्या, कुणाच्या तीस. सर्जेरावच्या फक्त चार सापडल्या. त्या दिवशी उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप त्याला अजून जाणवायची.

आज सकाळी त्या सगळ्या पंज्या उपटून आणायच्या होत्या. ज्यानं पुरली त्यानंच उपटायची, हा उस्तादांचा नियम. म्हणून बुडाशी प्रत्येकाची खूण कोरलेली असे. सर्जेरावची खूण तीन खाचांची होती. आणलेल्या पंज्यांच्या मोळ्या चुलीपाशी पडत आणि शेवटच्या दिवसाचा चहा त्यांच्याच जाळावर होई. हीसुद्धा उस्तादांचीच रीत. ज्या हातांनी टोकं काढली, त्या हातांनी त्या टोकांवरचा चहा प्यायचा आणि मग घरी जायचं.

सगळ्या पंज्या निघेपर्यंत रानाच्या तोंडाशी धोक्याचं लाल निशाण असे. आज सूर्य मावळायच्या आत ते उतरणार होतं. धनगरवाड्यावरच्या बायका दोन दिवसांपासून विचारायला येत होत्या, निशाण कधी काढणार म्हणून. हिरड्याचे दिवस होते. सहा आठवडे त्यांचं रान बंद होतं.

"मग?" सर्जेराव म्हणाला. "आता सांगा. काय कमी हाय?"

उस्तादांनी हात लांब करून सर्जेरावची मोळी ओढली. सुंभ सोडला आणि चार-पाच पंज्या एकदम चुलीत सारल्या.

वाळलेला बांबू भरभर पेटला. जाळ पातेल्याच्या कडेपर्यंत आला.

"झकास जळतात," उस्ताद म्हणाले.

"तीन आठवडे उन्हात व्हत्या."

"व्हय. फाल्गुनाचं ऊन."

त्यांनी आणखी चार घातल्या. मग आणखी चार. चहाला उकळी यायला लागली.

आणि मग एक बारीक आवाज सुरू झाला.

सुईच्या टोकाएवढा आवाज. शिटीसारखा. चुलीतल्या एका पंजीच्या कापलेल्या बुडातून पांढरा फेस येत होता आणि तो फेस फुरफुरत, शिटी घालत विस्तवावर सांडत होता.

उस्तादांनी फुंकणं थांबवलं.

...

सर्जेराव त्या फेसाकडं बघत राहिला. त्याला वाटलं, ही शिटी ओढ्यापर्यंत ऐकू जात असेल.

"बाकीच्या कशा गपगुमान जळाल्या," उस्ताद म्हणाले.

"व्हय."

"ही बोलतीय."



उस्तादांनी ती पंजी चिमट्यानं बाहेर ओढली. जमिनीवर आपटून विझवली. अर्धी काळी, अर्धी हिरवीगार. बुडाशी तीन खाचा, नुकत्याच कोरलेल्या, आतून पांढऱ्याफेक.

"ही कुठं होती?"

"छावणीच्या मागच्या बेटात."

"कवापर्यंत?"

"दुपारी दोनपर्यंत."

...

"सांगितलं किती होतंस?"

"साठ."

"सापडल्या किती?"

"एकोणसाठ."

मग सर्जेराव भराभर बोलायला लागला. तासभर शोधली उस्ताद, खरंच शोधली. सगळ्यांच्या मोळ्या बांधून झाल्या होत्या. बाळकू गावडेच्यासुद्धा झाल्या, आणि तो तर रोज सगळ्यात शेवटी. सगळे माझी वाट बघत थांबलेले. रानडुकरानं उकरली असेल. नाहीतर वाळवीनं खाल्ली असेल. एकच तर होती...

उस्ताद सगळं ऐकून घेत होते. ऐकता ऐकता त्यांनी पातेलं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलं. त्याच्यावर झाकण घातलं. आणि खाली बसून उजव्या बुटाची नाडी सोडायला सुरुवात केली.

सर्जेराव बोलायचा थांबला.

"काय करताय उस्ताद?"

"बूट काढतोय."

"आंघोळीला?"

"न्हाई."

त्यांनी उजवा बूट काढला. मोजा काढून त्यात घातला. मग डावा. दोन्ही बूट चुलीपाशी नीट शेजारी शेजारी ठेवले.

तीस वर्षं बुटात राहिलेली ती पावलं पांढरीफटक होती. पाण्यात भिजल्यासारखी मऊ. सर्जेरावनं उस्तादांचे पाय आजवर कधी बघितलेच नव्हते.

उस्ताद उठले आणि उताराला लागले. सर्जेरावच्या तुकड्याच्या दिशेनं.

सर्जेराव धावला.

"उस्ताद, मी जातो. मी शोधून आणतो. तुम्ही बसा."

"दुपारी गेलतास की."

"आता नीट शोधतो."

"शोध. मीबी येतो."

"मग बूट तरी घाला."

"बूट घातलेल्या माणसापुरतं तू दुपारी शोधलंस. ते काम झालं."

"उस्ताद..."

"वाडीवरच्या बायका काय बूट घालून येतात व्हय रे, हिरडा वेचायला?"

आणि ते चालतच राहिले.

जांभळाचं एक मोठं झाड होतं. तिथून सर्जेरावचा तुकडा सुरू व्हायचा आणि खाली एका ओहोळापाशी संपायचा. सारा उतार, सगळीकडं घोट्याएवढा वाळका पाला. जांभळापाशी उस्ताद क्षणभर थांबले.

"पुढं चालतोस की मागं येतोस?" त्यांनी विचारलं. "मी थांबणार न्हाई."

सर्जेराव पुढं झाला.

पहिली दहा पावलं तो नेहमीसारखा चालला. पाठ वाकवून, नजर खाली. गेले सहा आठवडे तो असाच चालत आला होता आणि सगळे त्याचं कौतुक करत आले होते. पण मागून पाला चुरडल्याचा आवाज आला. बुटाचा करकर आवाज नव्हता तो. मऊ, ओझरता आवाज. उघड्या पावलाचा.

सर्जेराव खाली बसला. मग गुडघ्यांवर आला. मग हात टेकले.

दोन्ही हातांनी पाला बाजूला सारायचा, खालची माती चाचपायची, वीतभर पुढं सरकायचं. मागं पाऊल वाजायचं.

"उस्ताद, जरा दमानं."

"दमानंच चाललोय."

"मी हात फिरवला तिथंच पाय टाका."

"बरं."

त्यानं मागं वळून बघितलं, तर उस्ताद वर बघत होते. सावरीच्या शेंड्यावर दोन धनेश पक्षी बसले होते आणि उस्ताद कौतुकानं त्यांच्याकडं बघत होते.

"उस्ताद, खाली बघा की."

"खाली बघायला तू हायस."

"पण..."

"नर हाय बघ तो. मादीला भरवतोय."

सर्जेराव पुन्हा पाल्यात शिरला.

त्याच्या बोटांना आता गमतीच्या गोष्टी लागू लागल्या होत्या. वाळका पाला वरून सगळा सारखा दिसतो, पण खाली हात घातला की कळतं. पाऊल पडतं तिथं तो दबलेला असतो. जनावर बसलं तिथं गोल. वाऱ्यानं आणलेला पाला सैल, आणि माणसानं सारलेला पाला थोडा जास्तच नीट. त्याला एकामागून एक सगळ्या जागा सापडत होत्या. ही सतरावी होती. ही अठरावी. सकाळी उपटलेल्या पंज्यांची भोकं. प्रत्येक भोकात त्यानं बोट घातलं, टोक मोडून आत राहिलं असेल म्हणून. तीन भोकांत तशी टोकं निघाली. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, पण टोकंच ती. सकाळी ती त्याला दिसलीच नव्हती.

त्यानं ती खिशात टाकली.

गुडघे सोलवटले. करवंदीच्या काट्यांनी कोपर फाटलं. पण मनातली धडधड हळूहळू कमी झाली होती, आणि का कोण जाणे, बरं वाटायला लागलं होतं. कोण पुढं चालणार, कुणाचं नाव लागणार, हे सगळं वरती चुलीपाशी राहिलं होतं. इथं फक्त वीतभर जमीन होती आणि तिच्यावर पडणारं एक पांढरं पाऊल.

मागून उस्ताद काहीतरी गुणगुणत होते.

शंभर पावलांनी तो थांबला. बसला. ऐकू लागला. उस्तादही त्याच्यामागं बसले.

"काय ऐकतोस?"

"तुमचा श्वास."

"कसा हाय?"

"नीट हाय."

उस्तादांनी मान डोलावली.

मग दोघं उठले. उतार संपत आला. खाली ओहोळ दिसू लागला. फाल्गुनातलं पाणी, हातभर रुंद, काळ्या दगडांतून सरकणारं. सर्जेरावचा तुकडा इथं संपत होता. साठावी पंजी मिळाली नव्हती.



"संपलं उस्ताद. इथपर्यंतच होतं. न्हाई सापडली."

"असू दे. मला तहान लागलीय."

आणि उस्ताद त्याला ओलांडून पाण्याकडं निघाले.

सर्जेराव गुडघ्यांवरच होता. त्यानं पाण्याकडं बघितलं. पाणी प्यायला वाकणारा माणूस कुठून येईल... उजवीकडं निसरडं शेवाळ, तिकडून नाही. डावीकडं करवंदीचं जाळं. म्हणजे मधूनच. त्या सपाट दगडाच्या अलीकडं एकच मऊ जागा, तिथं पहिलं पाऊल. दमलेला माणूस पाणी दिसलं की जमीन बघत नाही. आपण शत्रू असतो तर बरोबर तिथंच...

आणि मग त्याला आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी. सगळ्या पंज्या पुरून झाल्या होत्या. शेवटच्या रांगेतली एक त्यानं उपटली होती आणि इथं आणून लावली होती. कसली भारी जागा सापडली म्हणून स्वतःशीच हसला होता. ही उस्तादांना जन्मात सापडायची नाही, असं त्याला वाटलं होतं. पुरताना काढलेल्या नकाशात ती जागा नव्हती, कारण नकाशा आधीच काढून झाला होता. आणि सकाळी तो नकाशा बघत बघत पंज्या उपटत आला होता.

उस्तादांचं पाऊल उचललं गेलं होतं.

ओरडायला वेळ नव्हता. गस्तीवर ओरडायचं नसतं, पण ते त्याला तेव्हा सुचलंही नाही. त्यानं अंग पुढं झोकलं आणि पाल्यावर आपला उजवा हात उताणा टाकला.

पाऊल हातावर आलं.

...

उस्तादांनी भार टाकला नाही. पाऊल तळव्यावर तसंच टेकलेलं राहिलं. मऊ, थंड, पाल्याची धूळ लागलेलं.

"काय रे?"

"थांबा."

"थांबलोय."

"पाय मागं घ्या उस्ताद. सरळ मागं. जिथनं आला तिथंच."

उस्तादांनी पाय मागं घेतला.

सर्जेरावनं हात सावकाश उचलला. हाताच्या मागच्या बाजूला, मधल्या बोटाच्या मुळाशी, रक्ताचा एक थेंब होता. पाला बाजूला केला. पंजी होती. करडी, कडक, वाळून लोखंडासारखी झालेली. त्यानं दोन्ही हातांनी ती हलवली, उपटली, बुडाची माती अंगठ्यानं पुसली.

तीन खाचा.

त्यानं भोकात बोट घातलं. आत काही राहिलं नव्हतं.

"साठ," तो म्हणाला.

उस्ताद दगडावर उकिडवे बसले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. भरपूर प्यायले. मग म्हणाले,

"तूबी पी. गोड हाय."

सर्जेराव प्यायला. हात धुतला. थेंब परत आला, परत धुतला.

"लई दुखतंय?"

"न्हाई."

"चल मग. चहा गार झाला असेल."

गेल्या वाटेनं परत यायचं नसतं, म्हणून ते ओहोळाच्या कडेकडेनं वर निघाले. ही वाट सर्जेरावच्या तुकड्याबाहेरची होती. इथं कुणी काही पुरलेलं नव्हतं. तरी तो पुढंच चालत होता. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी फांद्या बाजूला धरत, पायानं काटे सारत.

"साठ झाल्या की," उस्ताद मागून म्हणाले. "आता ताठ चाल."

"करवंदी हाय उस्ताद."

"करवंदीनं मरत न्हाई माणूस."

"टोचती की पण."



अर्ध्या वाटेवर सर्जेराव न वळताच म्हणाला,

"उस्ताद, माझं नाव नका देऊ."

"बरं."

"रागानं न्हाई म्हणत."

"कळलं."

"बाळकूचं द्या. हळू चालतो, पण खोटं बोलत न्हाई."

"बाळकू चांगला हाय," उस्ताद म्हणाले. "जरा त्या फांदीचं बघ, डोळ्यात जाईल माझ्या."

सर्जेरावनं फांदी धरली. उस्ताद खालून वाकून गेले.

वर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. अकरा जण आंघोळ करून, भांग पाडून, चुलीभोवती बसले होते. चुलीपाशी रिकामे बूट आणि झाकलेलं पातेलं बघून ते बराच वेळ कोड्यात पडले होते. आता अनवाणी उस्ताद आणि मातीनं माखलेला सर्जेराव बघून कुणीतरी खुदकन हसलं.

"खराडे, तू कुठं न्हालास रे? चिखलात?"

सर्जेरावनं तिकडं लक्ष दिलं नाही. कॅप्टन निंबकर येऊन उभे होते. निशाणाच्या खांबापाशी एक जवान दोरी हातात धरून त्यांच्या खुणेची वाट बघत होता. दूर धनगरवाड्याच्या पायवाटेवर चार-पाच बायका टोपल्या घेऊन थांबल्या होत्या.

"सगळं रान मोकळं?" कॅप्टनसाहेबांनी उस्तादांना विचारलं.

उस्तादांनी सर्जेरावकडं बघितलं.

सर्जेराव पुढं झाला. सावधान उभा राहिला.

"साहेब, दुपारी मी साठ सांगितल्या. एकोणसाठ होत्या. एक नवी कापून मोळीत घातली होती मी." त्यानं हातातली करडी पंजी पुढं केली. खिशातली तीन टोकं काढून तळहातावर ठेवली. "साठावी ही. आणि ही तीन मोडलेली टोकं. आता रान मोकळं हाय."



कॅप्टनसाहेबांनी पंजी हातात घेतली. टोकावर अंगठा टेकवून बघितला. सर्जेरावच्या हातावरचं रक्त बघितलं. उस्तादांचे उघडे पाय बघितले. तरुण होते, पण समजूतदार होते. काय घडलं असेल ते त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी खांबापाशी उभ्या असलेल्या जवानाला हात केला. निशाण उतरलं. पायवाटेवरच्या बायका बोलत बोलत रानाकडं निघाल्या. त्यांतली एक अनवाणी म्हातारी सगळ्यांच्या पुढं होती, आणि ती भराभर चालत होती. सर्जेराव ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या पायांकडं बघत राहिला.

बाळकू गावडेनं पातेलं पुन्हा जाळावर ठेवलं. मग पेले भरले. पहिला उस्तादांना दिला, दुसरा कॅप्टनसाहेबांना. सर्जेरावला कुणी हाक मारली नाही, पण बाळकूनं त्याचाही पेला भरून त्याच्या पायाशी ठेवला.

"प्या नाईकसाहेब," तो हळूच म्हणाला. "मग ओरडा खायला बळ येईल."

सर्जेरावला हसू आलं. त्यानं पेला उचलला. चहा कडक झाला होता आणि त्याला धुराचा वास लागला होता. इतका चांगला चहा या सहा आठवड्यांत त्यानं प्यायला नव्हता. ज्याची एवढी आस होती ते हातचं गेलं होतं, आणि तरी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

कॅप्टनसाहेबांनी दोन घोट घेतले.

"उस्ताद, गस्तीच्या पुढं कोण चालणार?"

उस्ताद बुटांपाशी बसले होते. तळव्याला लागलेला पाला एकेक करून काढत होते. त्यांनी हनुवटीनं सर्जेरावकडं दाखवलं.

"हा."

सर्जेराव उठून उभा राहिला.

"उस्ताद, मी तुम्हाला सांगितलं होतं..."

"मी बरं म्हटलं. न्हाई देत, असं कुठं म्हटलं?"

कॅप्टनसाहेबांनी पेला खाली ठेवला.

"अकरा जणांनी बरोबर साठ आणल्या," ते शांतपणे म्हणाले. "एका माणसाची मोजणी चुकली. वर त्यानं खोटं सांगितलं. आणि तुम्ही त्याचंच नाव देता, उस्ताद?"

उस्तादांनी मोजा झटकला. एका पायात घातला, मग दुसऱ्या. बूट जवळ ओढला.

...

"साहेब," ते म्हणाले, "त्या अकरा जणांची मोजणी पहिल्या खेपेलाच जुळली. दुसऱ्याच्या उघड्या पावलापुढं हात घालायची पाळी आली ती ह्याच्यावर."